अनुभव भरपूर, सोबत वही जोडली आहे

वाळूज, १६ नोव्हेंबर

तीर्थरूप सांडूदाजी यांच्या सेवेशी,

तुमचा धाकटा मेव्हणा गोकुळ याचा दोन्ही हात जोडून जय भीम. इकडं आम्ही सगळे ठीक आहोत. निशाचा गुडघा, माझी शुगर आणि शेडचा गळका पत्रा ही तीन जुनी दुखणी सोडली तर तक्रार नाय. तिकडं तुमची तब्येत कशी आहे, ताईची कशी आहे, आणि ताईचा राग कसा आहे? (उतरला असेल तर आनंदच. नसेल तर त्याचीही खुशाली कळवा, चौदा महिने झाले, तो आता घरातलाच एक झालाय.) विशाखाचं कॉलेज, अंगणातली शेळी, किल्ल्याखालचा तुमचा सीताफळांचा गाडा, सगळ्यांची चौकशी. यंदा दौलताबादची सीताफळं डोळ्यांनी मोठी आणि बियांनी कमी आहेत असं ऐकतो. (ऐकतो म्हणजे खाल्ली नायत असं नाय. ते शेवटी सांगतो.)

कागदावर पत्र आलं म्हणून घाबरू नका, कुणी गेलेलं नाय. फोन लई करून पाहिले. तुमचा फोन लागतो, पण उचलते ताई, आणि उचलून एक शब्द बोलत नाय, नुसता कोंबड्यांचा आवाज येतो. मी आपला पाच मिनिटं कोंबड्यांना ख्यालीखुशाली विचारतो आणि ठेवतो. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या रेघा उमटतात आणि तिथंच बसतात. त्यात सोबत एक कागद पाठवायचाय, तो फोनातून जात नाय. म्हणून रजिस्टर पोस्ट. पाकीट आणायला गेलो तर पोस्टातल्या बाईनं पण विचारलं, भाऊ, कोर्टाची नोटीस आहे का? म्हटलं, नाय हो, बहिणीच्या घरी चाललंय.

तर पत्राचा विषय एकच, कामगारांचा विमा. बोटांबद्दल मी या पत्रात एक अक्षर काढणार नाय असं ठरवून बसलोय. (तुम्ही आपल्या शेडमध्ये पत्रा कापायच्या दोन नंबरच्या प्रेसवर सहा वर्षं काम केलं, आणि गेल्या वर्षी नऊ सप्टेंबरला तुमच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. ती घरी कडबाकुट्टीत गेली असं आपण साऱ्या दुनियेला सांगून बसलोय. तेव्हा तो विषय मिटला. मिटला ना? बरं.)

इथं काय झालं ते ऐका. आपल्या इथल्या एका मोठ्या कंपनीनं ब्रॅकेटची ऑर्डर द्यायचं कबूल केलं. एक-दोन महिन्यांची नाय, पुरी दोन वर्षांची. ती हातात आली तर दुसरी पाळी लागते, चार नवी माणसं घेता येतात. आणि गेली तर, दाजी, तुमच्यापासून काय लपवायचं, मार्चनंतर शेडला कुलूप आणि आठ घरांच्या चुली माझ्या नावानं बोटं मोडणार. (बघा, बोटं आलीच. माफी असावी.) कंपनीची अट एकच होती, तीस नोव्हेंबरच्या आत कामगारांच्या विम्याची नवी पॉलिसी दाखवा. जुनी त्याच दिवशी संपते. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना!

आता हा विमा कसा ठरतो ते तुम्हाला माहीत असेलच, पण मला कुणालातरी समजावून सांगायचंय आणि निशा ऐकायला तयार नाय. आपला एजंट मोतीराम आठवतो का? शहागंजात सासऱ्याच्या भांड्यांच्या दुकानात मागं टेबल टाकून बसतो, त्याच्याशी बोलायचं म्हणजे मधे तीन हंडे आणि एक बंब. त्यानं मला सांगितलं होतं की मालक, दोन गोष्टी सगळ्यांना सारख्या. तुमच्या माणसांचा पगार एकूण किती, आणि काम किती धोक्याचं. पापड लाटणाऱ्याला दर कमी, प्रेस मारणाऱ्याला जास्त. तिसरी गोष्ट मात्र ज्याची त्याची, ती म्हणजे मागचे क्लेम. हे सोयरिकीसारखं असतं म्हणे. पोराची नोकरी विचारतात, शेती विचारतात, आणि मग आवाज खाली आणून विचारतात की मागं काही भानगड? एकदा भानगड झाली की तीन वर्षं ती पुसली जात नाय, आणि तोवर हुंडा वाढीव. (आपल्यात हुंडा घेत नायत हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, विमा कंपनी घेती.)

आपली एक भानगड तर होतीच. आपल्या शेडमधल्या सम्यकच्या पायावर पत्र्याचा रोल पडला आणि हाड मोडलं, तेव्हा आपण रीतसर क्लेम केला, त्याला पैसे मिळाले, पोरगं नाचायला लागलं. पण पुढच्या वर्षी हप्ता असा उडाला की मी खुर्चीवरून उडालो. तेव्हापासून मोतीरामचा एकच मंत्र, मालक, अब क्लेम का नामच नको. छोटं काही झालं तर खिशातून द्या, मोठं झालं तर घरी झालं म्हणा. मी मान डोलावली. चुकलं ते तिथं. टेम्पोत तुमचा हात फडक्यात गुंडाळलेला, फडकं लाल होत चाललेलं, आणि मी माणूस आहे का जनावर, मी तुमच्या कानाशी लागून म्हणालो की दाजी, डॉक्टरनं विचारलं तर कडबाकुट्टी म्हणा. तुम्ही का म्हणून विचारलं नाय. डोळे मिटून म्हणालात, बरं, कडबाकुट्टी. (या विषयावर बोलणार नव्हतो, पण पेन उजव्या हातात आहे आणि त्याला पाचही बोटं आहेत. त्यामुळं होतं असं.)

असो. विम्याकडं येतो. यंदा हप्त्याच्या वेळेला मोतीराम मेव्हणीच्या लग्नाला नांदेडला. तारीख जवळ आलेली. म्हटलं, आपण काय अडाणी आहोत? विमा कंपनीचा फॉर्म आता मोबाईलवर मराठीत भरता येतो. शेडमध्ये चहा घेत भरायला बसलो. नाव, पत्ता, माणसं किती, प्रेस किती, सगळं झकास. पुढचा रकाना असा होता: कामगारांच्या इजांबाबत मागील तीन वर्षांचा अनुभव.

दाजी, तुम्ही मला सांगा, एमआयडीसीत बावीस वर्षं घासलेल्या माणसाला अनुभव विचारल्यावर तो काय लिहील? इथं अनुभव नाय म्हटलं की वॉशरची ऑर्डर मिळत नाय. टेंडरला अनुभव लागतो, कर्जाला अनुभव लागतो, सोयरिकीला सुद्धा लागतो (फक्त दुसऱ्या बाबतीत). म्हटलं, इथं कमी लिहिलं तर कंपनीला वाटंल हा नवशिका आहे, माणसाला लागलं तर गडबडून जाईल. छाती फुगवून लिहिलं: अनुभव भरपूर. सोबत वही जोडली आहे. आणि शेडची औषधाची पेटी सांभाळणाऱ्या मनकर्णाबाईच्या वहीच्या तीन वर्षांच्या सगळ्या पानांचे फोटो काढून जोडले. निशानं विचारलं पण होतं, अहो, हे नक्की द्यायचं असतं का? मी म्हटलं, तू गप बस, यात सवलत असते.

वही म्हणजे तीच, लाल पुठ्ठ्याची. मनकर्णाबाईनं ती का सुरू केली हे तुमच्यासमोरच झालं होतं. औषधाच्या पेटीतला बाम महिन्याला दोन बाटल्या संपायचा, म्हणून तिनं ठरवलं की पेटी जो उघडील त्याचं नाव, दुखणं आणि काय दिलं ते वहीत चढणार. सत्तरीला आलेली बाई, प्रौढ वर्गात लिहायला शिकलेली, तिचं अक्षर म्हणजे छापील. पण ती कुणालाच सोडत नाय. सम्यक, चहानं जीभ भाजली, थंड पाणी दिलं. सम्यक, मधमाशी, चुना लावला. सम्यक, क्रिकेट खेळून आला, कामाचं दुखणं नाय, तरी बाम दिला. मालक, बायकोचा फोन आला, डोकं धरलं, बाम. मालक, सगळ्यांवर ओरडून घसा बसला, खडीसाखर, पुन्हा ओरडला, खडीसाखर दिली नाय. अशा तीन वर्षांत एकशे बारा नोंदी, आणि त्यातल्या एकोणीस माझ्या रागाच्या.

चौथ्या दिवशी कंपनीचा दर आला. गेल्या वर्षीच्या दुप्पट आणि वर थोडा. आठ माणसांच्या शेडमध्ये तीन वर्षांत एकशे बारा इजा म्हणजे त्यांना वाटलं असेल की इथं ब्रॅकेट होत नायत, लढाई चाललीय. एवढा हप्ता भरायचा तर ऑर्डरमध्ये आपल्याला उरणार फक्त भंगार. मोतीराम लग्नातून थेट शेडवर आला, अक्षता केसात तशाच. फॉर्म बघून तो आधी हसला, मग खाली बसला, मग म्हणाला की मालक, तुम्ही स्वतःच्या हातानं स्वतःला हर्सूलच्या जेलात नेऊन सोडलं, जेलरचा चहा तेवढा प्यायचा राहिला. अनुभव म्हणजे क्लेमचा अनुभव. तो जितका कमी तितका माणूस शहाणा. मग त्यानं उपाय काढला. नवी वही आणायची, तीन रंगांची पेनं घ्यायची, तीन वर्षांत मिळून चार नोंदी करायच्या, दोन मधमाश्या, एक ठेच, एक उचकी, आणि कंपनीला कळवायचं की आधीची वही चुकून शेजारच्या शेडची आली.

मी हो म्हणालो. खरं सांगतो, लगेच म्हणालो. सम्यकला नव्या वहीला पिटाळलं सुद्धा. जुनी मागायला गेलो तर मनकर्णाबाई पोत्यावर बसलेली, आणि वही पोत्याखाली. बाहेरच्या माणसासमोर ती मला मालक म्हणते, तेव्हा मालक म्हणाली, पण सुरात गोकुळ्याच होता. म्हणाली, मालक, ही वही मी लिहिलीया, तुम्हाला खोटी पायजे असंल तर तुमच्या अक्षरात लिहा. आणि उठलीच नाय. जेवायची सुट्टी झाली तरी उठली नाय, डबा तिथंच पोत्यावर खाल्ला. तुम्हाला ठाऊक आहे, दर रविवारी विहारात ती माझ्या शेजारी उभी असते. पंचशीलातलं चौथं शील आलं, खोटं बोलणार नाय ते, की मला गेल्या सप्टेंबरपासून नेमका खोकला येतो, आणि माझा खोकला आला की तिचा आवाज चढतो. चौदा महिने झाले, हा खोकला काही वहीत चढवलेला नाय तिनं.

इथं मला ती कडबाकुट्टी मधे घेतलीच पाहिजे, माफ करा. डॉक्टरनं तुम्हाला विचारलं, जनावरं किती? तुम्ही म्हणालात, एक शेळी. डॉक्टर माझ्याकडं बघायला लागला. एका शेळीसाठी मोटारीची कडबाकुट्टी कुठला शहाणा ठेवतो? मला रात्रभर त्या शेळीचा घोर लागला. म्हणून आठ दिवसांनी मी जुन्या बाजारातून एक कडबाकुट्टी घेऊन टेम्पोनं तुमच्या अंगणात पाठवली, म्हणजे कुणी चौकशीला आलंच तर समोर दिसावी. वर ताईसाठी डब्यात चिवडा घालून दिला. कुट्टी तिनं ठेवून घेतली (त्यावर गोधड्या वाळत घालते असं विशाखानं सांगितलं) आणि डबा परत पाठवला. घासूनपुसून, रिकामा. दाजी, आपल्या आईच्या हयातीत कुणाचा डबा रिकामा गेला नाय. घरात काही नसलं तर साखरेचे चार दाणे टाकायचे, हे ताईनंच मला शिकवलेलं. बुद्धपौर्णिमेला तिची खीर आली नाय तेव्हा मला वाईट वाटलं, पण तो डबा उघडून मी रडलो. निशाला सांगितलं, कांदा.

तर खोटी वही लिहायची राहिली, कारण खरी पोत्याखाली. आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीकडून निरोप आला की दर ठरवण्याआधी आमचं माणूस शेड बघायला येतंय. मला वाटलं कुणी मिशीवाला साहेब येईल, त्याला चिकन खिलवू. आली एक हडकुळी पोरगी, अमृता नावाची, स्कूटीवरून, नाकावर हेल्मेटचा वण. चहा नको, बिस्किट नको. म्हणाली, त्या वहीच्या लेखिका कोण? मनकर्णाबाईला आयुष्यात पहिल्यांदा कुणी लेखिका म्हटलं असेल. तिनं पोत्याखालून वही काढून अशी दिली की जणू पोरीची ओटीच भरतेय.

अमृताबाईनं दोन तास वही वाचली. मधेच हसायची. माझ्या घशाच्या नोंदीशी जास्तच हसली. कागदावर दोन याद्या करत होती, एकीत बाम-चुना-खडीसाखर, दुसरीत टाके आणि दवाखाना. पहिल्या यादीत शंभराच्या वर गेल्या, दुसरीत उरल्या नऊ. मला वाटलं, सुटलो! मग तिनं त्या नऊ पुन्हा वाचल्या आणि विचारलं, प्रेसवर हाताला लागल्याच्या नोंदी आधी दर दोन-तीन महिन्यांनी आहेत, आणि गेल्या सप्टेंबरनंतर एकही नाय, असं कसं? मी छाती पुढं काढून दोन नंबरची प्रेस दाखवली. पायाचं पेडल काढलं, आता दोन बटणं आहेत, दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस पडतच नाय, मग हात खाली साच्यात, डायमध्ये, जाईल कसा? ती खूश झाली. म्हणाली, हे फार चांगलं केलं, कुणाला सुचलं? मी तोंड उघडणार तोच तिनं मागचं पान वाचलं. गेल्या वर्षीच्या मार्च महिन्याची नोंद. सांडूभाऊ, अंगठ्याला चिरा, हळद. सांडूभाऊ म्हणतात पेडल काढा, दोन हातांची बटणं बसवा. मालक म्हणतात दिवाळीनंतर.

दाजी, तुम्ही मला ते तीनदा सांगितलं होतं. तीनदा. मी तुम्हाला म्हणालो होतो की तुम्हाला कामाचा कंटाळा आलाय. हे वाक्य मी विसरलो नाय, विसरणारही नाय.

मग तिनं पान उलटलं. नऊ सप्टेंबर अशी तारीख, आणि खाली सगळं पान कोरं. त्या दिवशी मीच मनकर्णाबाईला म्हणालो होतो की आजचं काही लिहू नको. तिनं लिहिलं नाय, पण पान पण सोडलं नाय. अमृताबाईनं विचारलं, या दिवशी काय झालं? सगळ्या प्रेस आपोआप थांबल्या, कुणी बंद केल्या देव जाणे (देव नाय, सम्यकनं केल्या). मला खोकला आला. मी म्हणालो, त्या दिवशी सुट्टी होती.

मनकर्णाबाई म्हणाली, व्हय बाई, सुट्टीच होती. सांडूभाऊच्या दोन बोटांची.

मग मी बोललो ते दाजी, धरणाचं दार उघडल्यासारखं. टेम्पो, फडकं, कडबाकुट्टी, शेळी, चिवडा, रिकामा डबा, सगळं. ती बाई शेळीला सुद्धा हसली नाय. मोतीराम भिंतीकडं तोंड करून कॅलेंडर बघत होता. सगळं झाल्यावर ती म्हणाली, एक गोष्ट लपवली की कंपनी पुढच्या शंभर गोष्टी खोट्या धरते, आणि खरं कळलं की पॉलिसीच उडवू शकते. मग म्हणाली की अपघात झाला हे वाईटच, पण अपघातानंतर दहा दिवसांत बटणं बसली, आणि तेव्हापासून हाताला ओरखडा नाय, हे इतकं लिहून ठेवलेलं तिनं दुसऱ्या कुठल्या शेडमध्ये पाहिलेलं नाय. ज्या वहीनं मला बुडवलं, तिचीच पानं तिनं पुन्हा मागून घेतली.

सहा दिवसांनी नवा दर आला. तुमचा अपघात हिशेबात धरून. दुप्पट नाय, गेल्या वर्षीपेक्षा सव्वापट. सोबत लिहिलंय की वही अशीच चालू राहिली आणि हात असेच शाबूत राहिले तर पुढच्या वर्षी दर खाली येईल, तिसऱ्या वर्षी आणखी. पॉलिसी काल आली, आज ब्रॅकेटवाल्या कंपनीच्या माणसानं ऑर्डरवर सही केली. दुसरी पाळी डिसेंबरपासून. आणि फाटकावरचा तो बोर्ड आठवतो ना, विनाअपघात दिवस? त्यावर आठशे ऐंशी झाले होते. काल मी स्वतः स्टुलावर चढून ते पुसले आणि चारशे बत्तीस लिहिले. आज सकाळी मनकर्णाबाईनं चारशे तेहतीस केले. काल स्टुलावरून उतरताना माझं बोट फळीत चेमटलं. नोंद झाली आहे.

बाकी सर्व क्षेम. मोठ्यांना जय भीम, विशाखाला आशीर्वाद, शेळीला माफीनामा.

तुमचा,
गोकुळ

ता. क. १ : सोबतचा कागद म्हणजे खरं पत्र, वरचं सगळं त्याचं पाकीट समजा. तो तुमच्या क्लेमचा अर्ज आहे. अपघात झाला त्या वर्षाची पॉलिसी चालू होती, आणि क्लेम करायची मुदत अजून संपलेली नाय. उशीर का झाला या रकान्यात मी लिहिलंय की मालकानं खोटं बोलायला लावलं, आणि खाली माझी सही केलीय. मिळेलच असं अमृताबाईनं वचन दिलं नाय, पण मिळायला हवं असं म्हणाली, आणि कमी पडलं तर उरलेलं मी देणार, हे मनकर्णाबाईनं वहीत माझ्याकडून लिहून घेतलंय. सरकारनं बोटांचा तक्ता सुद्धा केलाय, तर्जनीला जास्त, करंगळीला कमी. मला तो बघवला नाय. तुम्ही शब्दाचे पक्के. अख्ख्या दौलताबादला चौदा महिने कडबाकुट्टी सांगत राहिलात, माझ्यासाठी. आता तो शब्द मी परत घेतो. सही करा. पहिल्यासारखी येणार नाय हे मला माहीत आहे, येईल तशी करा. अंगठा नको, सहीच करा.

ता. क. २ : कडबाकुट्टी न्यायला टेम्पो पाठवतो. गोधड्या काढून ठेवा. आणि दुसऱ्या पाळीला बघणारं माणूस लागणार आहे, जो म्हणेल ती बटणं त्याच दिवशी बसतील, दिवाळीनंतर नाय. नको म्हणालात तर मी दुखावणार नाय. हो म्हणालात तर आपण पुन्हा नऊ होऊ.

ता. क. ३ : निशानं पत्र वाचलं. तिचं म्हणणं, मी धरणाबिरणासारखा काही बोललो नाय. मनकर्णाबाई बोलली, मग मी खाली बसलो, आणि उरलेलं सगळं सम्यकनं सांगितलं, मी फक्त मान हलवत होतो. हे खरं आहे. पण मान मीच हलवली.

ता. क. ४ : हे ताईसाठी, तिला वाचून दाखवा. (ताई, तूच वाचत असशील तर जय भीम.) या हंगामात मी तीनदा किल्ल्यापर्यंत आलो. दाजींचा गाडा दिसला की हेल्मेट न काढता पलीकडच्या गाड्यावरून सीताफळं घ्यायची आणि गाडी वळवायची. गोड होती, पण दाजींची नव्हती. येत्या रविवारी विहारातून निघून घरी येतोय, हेल्मेट काढून. तू परत पाठवलेला तो डबा घेऊन येतोय, रिकामा. खीर मी मागत नाय. परत निघताना त्यात साखरेचे चार दाणे टाकलेस, तरी वाळूजपर्यंत ते मला वाजताना ऐकू येतील.